वाईट जागी मिटलेलं पुस्तक

हसू नका, पण पन्नाशीत मी पहिल्यांदाच लेकरांचं जादूचं पुस्तक वाचलं. पोरीचं होतं. आईची नजर गेलेली, तिला पोथी मीच वाचून दाखवतो, म्हणून हेही मोठ्यानं वाचलं. थोरला भाऊ बाळापूरच्या बाजाराला म्हणून गेला तो परतलाच न्हाई, तवापासून आई कमीच बोलते.

पुस्तकातलं पोरगं राक्षसाच्या गुहेत शिरलं अन् प्रकरण संपलं. मी पुस्तक मिटलं.

"काहून थांबला? अशा वाईट जागी पोथी मिटतेत व्हय?"

"आई, ही पोथी न्हाई."

"लेकरू तर आत हाय ना? काढ त्याला बाहेर."

जेवण तसंच राहिलं. शेवटी पोरगं घरी पोचलं. आईनं पुस्तकाला हात जोडले.

"चला," ती म्हणली, "कोणाचं तरी आलं."