बॅगा कोण सांभाळणार?

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्न गावच्या दुकानात स्कीचे बूट घालून बघायला रांग होती. माझ्या पुढे एक आई आणि तिचा मोठा मुलगा.

"आई, साठाव्या वर्षी इटलीत स्कीइंग? पडलीस तर?"

"तीन हिवाळे क्लास केलाय, निमिष. पडायचं तेवढं पडून झालंय."

"मग इथल्याच डोंगरावर जाऊ ना सगळे, नेहमीसारखे."

"नेहमीसारखे म्हणजे तुम्ही बर्फात, आणि मी लॉजमध्ये तुमच्या बॅगा न् पराठे राखत."

"कुणाला तरी बसायला लागतंच, यार!"

"तिथे इटलीत मॉन्टे रोझा डोंगराला तीन दऱ्या आहेत. सकाळी एकीतून निघायचं, दुपारी तिसरीत उतरायचं. बसणार कुठे?"

"मग बॅगा?"

"ज्याची त्याच्या पाठीवर. माझा नंबर आला. ही पर्स धर, आणि इथेच बस."