खोली भाड्याने देणे आहे

— तर अशी आहे बघा वरची खोली. चहा घ्या, ताई. पाणी चार दिवसांआड येतं, पण टाकी मोठी हाय — अन् चोरीचं म्हणाल तर पुंडलिकनगरात आमच्यासारखी गल्ली नाय. का नाय? कॅमेरा. गेटावर, मीच बसवला. समोरच्या मीनाक्षीकाकूंची गळ्यातली पोत हिसकली ना मोटारसायकलवाल्यानं — मागून आला, डोक्यात हेल्मेट, तोंड कुणाला दिसणार? मी कॅमेरा तपासला, तर हा पठ्ठ्या त्याच दुपारी माझ्या गेटापुढं उभा, पाटी वाचत. गोकुळ नाव, देवगाव रंगारीचा. म्हणतो, खोली बघाया आलतो. आता चोर काय, चोरी कराया आलतो म्हणंल व्हय?

फोटो टाकला गल्लीच्या ग्रुपवर — ‘हाच तो चोर, नीट बघून ठेवा.’ काकूंना घरी जाऊन मोठा करून दाखवला. नाक दाखवलं, कान दाखवले. त्या म्हणाल्या, तात्यासाहेब, मला तर हेल्मेटच आठवतंय. म्हणलं, काकू, हेल्मेटाच्या आत कुणीतरी असंलच की. पोलिसांनी गड्याला उचलला, मग पंधरा दिवसांनी तुरुंगात ओळख परेड झाली — रांगेत सातजण उभे, काकूंनी गपकन् त्याच्यावरच बोट ठेवलं. परेड घेणारे तहसीलदार बघतच राहिले. त्यांना मी कशाला सांगतोय फोटोचं? धरल्यापासून गडी आतच हाय. उद्या कोर्टात काकूंची साक्ष झाली की लागला निकाल. पोत? ती नाय सापडली. मोटारसायकल? नव्हती त्याच्याकडं, बसनं आलता म्हणे — बसनं येणाऱ्याला मोटारसायकल येतच नाय का?

फोटो बघायचाय? नंबर सांगा, पाठवतोच. तारीख बघा वरची, परेडीच्या आधीची — म्हंजी चोर आधी कुणी धरला ते कळतंय. हां, गेला. तुमचं नाव आलं बघा — ॲडव्होकेट मृण्मयी...

ॲडव्होकेट व्हय. अन् कुणाकडून? गोकुळकडून.

पण तुम्ही तर खोली बघाया — नाय, तुम्ही कुठं म्हणलात, मीच म्हणलो. गेटापुढं पाटी वाचत उभ्या दिसलात. पाटी वाचणारा माणूस खोलीसाठीच आला, असं कुणालाबी वाटंल का नाय?

वकिलाला आम्ही खोली देत नसतो, ताई. चहा राहू द्या. गेट तेवढं लावून घ्या.