खोबऱ्यासोबतची गोळी

शाहूपुरीतल्या दवाखान्यात ललिताच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू होतं. बाहेर तिच्या शेजारी तालमीच्या फुटबॉल संघाचा स्ट्रायकर अमरसिंह आणि मॅनेजर आण्णा येऊन बसले.

"आण्णा, पाय सुजल्यात. लघवीला फेस येतोय."

"रविवारी फायनल हाय, मर्दा. पेठ काय म्हणंल?"

"डॉक्टर इचारणार, दुखण्याच्या गोळ्या किती खातोस."

"खात न्हाय म्हणायचं."

"चार वर्सं झाली. मॅचआधी दोन, हाफटाइमला एक. तुम्हीच देताय की."

"तुला एकट्याला व्हय? मैदानावर नारळ फुटला की खोबऱ्यासंगं सगळ्यांच्या हातावर गोळी ठेवतोय. कोण मागं सरत न्हाय."

"गुडघा गेला तवा मी बाहेर बसतो म्हणालतो."

"बसला असतास तर चौकात तुझं पोस्टर लागलं असतं?"

"आज खरं सांगतो डॉक्टरास्नी."

"सांग की. आजच भरती करून घेतील. तुझी दहा नंबरची जर्सी तुझ्याच धाकट्या भावाला देतो. कवाचा मागं लागलाय."

"त्याच्या हातावर बी गोळी ठेवणार?"

"खोबरं घेतलं की गोळी आलीच."

आतून नर्स आली.

"अमरसिंह कोण? दुखण्याच्या गोळ्या खाताय काय हो?"

"न्हाय सिस्टर. कधीच न्हाय."