मिठागर क्वीन्सचा बॅनर

भामा : बाय, शपथ घेते, मी काय केलं नाय. ती आपसूक गेली.

दिपिका : आपसूक कुणी जात नाही, भामामावशी. मगाशी स्क्रीनवर अकरा जणी होत्या, आता दहा आहेत. कुणाला उडवलंत?

भामा : उडवलं नाय गो. त्या बारक्या डोळ्यावर बोट पडलं नि सखू गायब.

दिपिका : बोट पडलं, का ठेवलं?

भामा : तू फोटो शिकवतेस का पोलिसात हायस?

दिपिका : बरं, शिकवते. उजवीकडे ही यादी दिसते ना? यातली एकेक ओळ म्हणजे एकेक लेयर. एकावर एक काचा ठेवल्यात असं समजा आणि प्रत्येक काचेवर एक बाई. ओळीपुढचा डोळा मिटला की ती बाई दिसत नाही. पण पुसली जात नाही, असते तिथेच.

भामा : म्हंजे हाय, पण दिसत नाय.

दिपिका : एकदम बरोबर.

भामा : मग हे मला येतं. सखूचं नि माझं नऊ वर्सं असंच चाललंय. भिंतीला भिंत हाय, पण दिसत नाय.

दिपिका : मावशी, डोळा उघडा. अकरा जणींची टीम आहे.

भामा : उघडते. आली बघ. बघतेय कशी, जसा कप तिनं एकटीनंच आणला!

दिपिका : खरं सांगू? मी दहा मिनिटांत करून दिलं असतं. तुम्ही दुपारपासून बसलाय.

भामा : बसणारच. आमच्या धनेशला बोल्ले, आई जिंकली, पन्नाशीच्या वरच्या बायकांचा कप जासईला आला, बॅनर कर. तर त्यानं वरच्या अंगाला आठ पुढारी लावले, गॉगल घालून. नि आमी खाली, चिंचोक्यायेवढ्या! रन आमी काढले नि हात जोडून उभे ते? मग बोल्ले, राहू दे. करंजाड्याला बॅनरच्या दुकानात दिपिका बसते, तिच्याकडं जाते नि माझ्या हातानं करते.

दिपिका : मग करा. आता सांगा, तुमच्या तोंडावर हे काय आलंय?

भामा : कपाचा कान. कवापासून सांगायचं होतं मला.

दिपिका : यादीत जो लेयर वर, तो चित्रात पुढे. कप तुमच्या वर आहे. तुमची ओळ धरा, वर ओढा आणि सोडा.

भामा : धरली. ओढली. सोडली! आगो बाय, आली मी पुढं! कप कुठं गेला?

दिपिका : तुमच्या पोटामागे.

भामा : राहू दे. नाय, नको. कप दिसला नाय तर लोक बोलतील, हरल्या तरी बॅनर लावला. कपाला वर घे.

दिपिका : मग परत तुमच्या तोंडावर येईल. आधी कप बाजूला सरकवा. त्याच्या ओळीवर क्लिक करा, नाहीतर भलतीच बाई सरकेल.

भामा : सरकली. मनिषा सरकली! थेट चित्राच्या बाहेर, रस्त्यावर गेली गो!

दिपिका : हसू नका, माऊस हलतोय! कंट्रोल झेड दाबा. आली परत. म्हणून ओळींना नावं द्यायची असतात. नावावर दोनदा क्लिक करून लिहा.

भामा : लिहिलीत की मगाशीच. ही मी, ही मनिषा, हा कप.

दिपिका : आणि ही ओळ? नुसतं 'ती' लिहिलंय. ही 'ती' कोण?

(काचेचं दार ढकलून सखूबाई आत येते. भामा मान न वळवता स्क्रीनकडेच बघत राहते.)

सखूबाई : 'ती' आली.

दिपिका : या, सखूबाई मावशी, बसा. तुम्हाला कुणी सांगितलं इथे चाललंय म्हणून?

सखूबाई : धनेशनं. पोरी, हिला विचार, माझा फोटो घेतलाय का.

भामा : बाय, तिला सांग, घेतलाय.

सखूबाई : तिला विचार, माझं नाव लिहायला शाई सरली का.

दिपिका : अहो, तुम्ही हाताच्या अंतरावर आहात! फायनल कशी खेळलात मग? शेवटची जोडी तुमचीच होती ना?

भामा : मुक्यानं. मी बॅट आपटली की पळायचं, तिनं आपटली की थांबायचं. एकदा दोघी एकाच टोकाला उभ्या! समोरची बाई हसत बसली, चेंडू टाकायचाच विसरली.

सखूबाई : शेवटच्या चेंडूला दोन पायजे होते. मी मारला. तवा ही ओरडली, सखू, पळ!

भामा : ते धरायचं नाय. ते कॅप्टन बोलली.

दिपिका : धन्य आहात. बाहेर गिऱ्हाईक आलंय, मी जरा बघून येते. पाचला छपाईचं मशीन रिकामं होतंय, त्याच्या आत फाईल पाठवायची, नाहीतर उद्याच्या मिरवणुकीला बॅनर नाही. मी येईपर्यंत कशाला हात लावू नका.

भामा : नाय लावत.

सखूबाई : गेली. दाव, मी कुठं हाय.

भामा : ही काय, कपाच्या मागं.

सखूबाई : रन मी मारले नि मी मागं?

भामा : कॅप्टन कोण? वरच्या ओळीत मी. यादीत वर, चित्रात पुढं, असं हाय ते.

सखूबाई : असं? सरक. मीच ओढते. ही घे.

भामा : आगो, माझ्या अंगावर आलीस! मी घेते परत वर.

सखूबाई : मी बी घेते.

भामा : माऊस सोड! मोडंल तिचा!

सखूबाई : हळदीला बोलवत नाय नि फोटोत पुढं उभी राहते.

भामा : बोलवलं नाय? धनेशच्या हळदीचं कार्ड दिलं नव्हतं?

सखूबाई : दिलंस? कडीला अडकवून गेलीस. लाईटबिलासारखं.

भामा : दार लावलेलं होतं, सखू. पन्नास घरं फिरायची होती. मनात बोल्ले, सखूला काय सांगायचं? मिठागरात एका टोपलीला दोघींनी हात लावलेत. ती घरची हाय, येईल.

सखूबाई : घरच्या माणसाला पयलं सांगतात, भामे. मी नवीन लुगडं काढून ठेवलं होतं. तुमचा बँजो रातभर ऐकला. पलंगावर बसून.

भामा : मला वाटलं, माझ्या पोराचं बरं बघवलं नाय तुला.

सखूबाई : ह्या पोराला मी न्हाऊ घातलंय.

भामा : बोलायचंस ना मग!

सखूबाई : तू बोलायचंस. हात काढ, काहीतरी दाबलं जातंय.

भामा : तूच दाबतेस. दोन ओळींची एक ओळ कशी झाली?

दिपिका : (परत येत) काय केलंत? नाही, खरंच, काय केलंत?

भामा : काय नाय. बोलत होतो.

दिपिका : तुमचे दोन लेयर मर्ज झालेत! दोन काचा वितळून एक झाली. आता एकीला हलवलं की दुसरीही हलणार. थांबा, उलटं जाऊया. किती वेळा वरखाली केलंत?

सखूबाई : लय.

दिपिका : एवढं मागे जातच नाहीये. आणि मधेच सेव्ह कुणी केलं?

भामा : तूच बोललेलीस ना, मधेमधे सेव्ह करायचं.

दिपिका : देवा! बरं, तुम्हा दोघींना मूळ फोटोतून परत कापते. पण पाचला दहा कमी आहेत, घाईत कडा वाकड्या येतील.

सखूबाई : आधी दाव तर, दिसतंय कसं.

दिपिका : हे बघा. सखूबाई मावशी पुढे, तुम्ही त्यांच्या खांद्याला लागून, आणि त्यांनी उंच धरलेली बॅट...

भामा : माझ्या डोक्यात! माझ्या टाळक्यात बॅट घालतेय गो ही! आणि मी हसतेय!

सखूबाई : शोभतेय.

भामा : आख्खं जासई बघंल! दहा बाय वीसचा बॅनर हाय!

सखूबाई : बघू दे. नऊ वर्सं घालायची होती.

भामा : आगो, नको हसवू, पोटात कळ आली... बघ तरी, तोंड कसं केलंयस! माश्या मारतेस का छक्का?

सखूबाई : दोन रन. छक्का नाय, दोन रन. आणि डोकं तुझं.

दिपिका : मावश्यांनो, मला पण हसवू नका, चार मिनिटं उरलीत! कापू का ठेवू?

भामा : ठेव. पण ते 'ती' पुसून नाव लिहिते मी. स... खू... बा... ई. ई कुठली, पयली का दुसरी?

दिपिका : मावशी, लेयरचं नाव बॅनरवर छापत नाही. ते फक्त आपल्याला दिसतं.

भामा : दिसू दे आपल्याला.

सखूबाई : ई दुसरी हाय. ही बारकी कशाला?

भामा : तू लिही मग.

दिपिका : झालं? पाठवते. पाठवल्यावर बदल नाही, सांगून ठेवते. गेली फाईल!

भामा : सखू, रविवारी माझ्या लेकीच्या पोरीचं बारसं हाय. माझ्याकडंच.

सखूबाई : इथं दुकानात सांगतेस?

भामा : नाय. उद्या घरी येते. कुंकू घेऊन.

सखूबाई : आठच्या पुढं ये. चहाचं दूध तवा येतं.