आणीबाणीचं पाणी

बस रे हिमांशू, आमच्या ह्यांची अंघोळ चाललीय अजून — दोन तांब्यांची अंघोळ, पण थाट नवाबी! नळाला पाणी येऊन आज नववा दिवस आहे ना. तू तोवर खिडकीतनं जीप बघ. टपावर फावडं, ओढायचा दोर, चिखलातनं चाक काढायच्या फळ्या — कुठला चिखल रे बाबा? दोन वर्षांत चिखल कुणी पाहिलाय इथं? शिवाय तंबू, घडीच्या खुर्च्या, साप चावला तर बांधायची पट्टी. घरात झुरळ निघालं तर मला हाका मारतात व्यंकटराव — आणि चाललेत माळावर मुक्कामाला! पेटी भरतात, यादीवर खुणा करतात, परत उपसतात. माझ्या रुखवताला एवढी मांडामांड नव्हती.

हसतोस काय, तूही त्यातलाच! बरं, एक सांगू? आज न्याहारी करमाडला करा. कडूबाच्याच हॉटेलात, हो — तोंड वाकडं करू नकोस. मागच्या वेळी सहाच्या सहा जण आडवे झालात, तुला सलाईन लागलं, मान्य. पण त्याच्या मिसळीनंच कशावरून? तू आपलं फोनवर त्याच्या हॉटेलाला पाचातली एकच चांदणी देऊन मोकळा — ‘विषारी अन्न’, खाली हाताला सुई लावलेला फोटो. शेंद्र्याच्या कंपनीतली पोरं तिथं थांबायची, आता कुणी थांबत नाही. मला कसं ठाऊक? आमच्याकडं भांड्यांना येते ती भागूबाई, त्याची सख्खी बहीण. भांडी घासता घासता रडते.

मी म्हणते, पाणी बाधलं असेल. — तुमचं पाणी कसं बाधेल, म्हणतोस? बरोबर, दोन्ही कॅन ह्यांनी स्वतः भरले होते, वर चिठ्ठी — ‘आणीबाणीसाठी, हात लावू नये’. अरे, तुमची आणीबाणी वर्षातनं दोनदा, माझी दर आठवड्याला! तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी पाहुणे आलेले, टँकर आला नाही, हंडे पालथे. घेतलं मी त्यातलं थोडं. थोडं म्हणजे — सगळंच. आणि कॅन हलके लागायला नकोत म्हणून खालच्या बोरचं ओतलं. फरशी पुसायचं रे ते, वास येतो त्याला. तुमच्याकडं पाणी गाळायची ती महागाची नळी होती ना? मला वाटलं, गाळून प्याल. तुम्ही तिचं वेष्टनसुद्धा काढलं नाही!

असा बघू नकोस. आजच्या कॅनला हात लावला नाही मी, आईशप्पथ. चार महिने रोज ठरवते, भागूबाईला सांगायचं — आणि तिच्या चहात साखर जास्त घालते. दुसरं काय केलं मी? काही नाही.

फोन काढ. लिही — अन्न चांगलं होतं, पाणी आमचं खराब होतं. ‘आमचं’ नको, त्यात तुम्ही सगळे येता. माझं नाव घाल. दमयंती. आडनावासकट. पाठव.

गेलं?

कडी वाजली, आले हे. तू जा, गाडीपाशी थांब. ह्यांना मी सांगते — जा म्हटलं ना.