रविवार वगळायचा राहिला

—बसा की पाव्हणं, उठताय कशाला? चहा सांगितलाय. लॅपटॉप महेश्वरीचा हाय, तिलाच जाणार, मी कुटं न्हाय म्हणतोय? पण तिच्या शाळेची कामं, फोटो, सगळं माझ्या मशीनवर पडलंय, ते आधी त्यात जाऊ द्या. बहिणीचं सामान न्यायला अक्कलकोटास्नं आलात, अर्धवट न्याल व्हय? हे बघा, आकडे सरकतायत. आरसिंक म्हणत्यात ह्याला. मधीच लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासनं न्हाय—जितं तुटलं तितनं पुढं चालू. माणसांत असं असतं तर—जाऊ द्या.

फुकट हाय बरं का हे सगळं सॉफ्टवेअर. सोलापुरात लिनक्स म्हणलं की लोक कल्लप्पाचं दुकान दाखवत्यात, ते उगं न्हाय. माझा एकच नियम—एक काम दोनदा हातानं केलं, की तिसऱ्यांदा स्क्रिप्टनं करायचं—मशीनला हुकूम एकदाच लिहून ठेवायचा. राबायचं मशीननं, माणूस मोकळा. आता मी जरा लईच मोकळा झालोय, ते सोडा.

तिनं तिकडं काय सांगितलं? कायच न्हाय? मग मीच सांगतो, उलटंसुलटं कानावर नको. तिची तक्रार काय, तर दुपारी साधी चौकशी बी करत न्हाय. खरं होतं. गिऱ्हाइकांत ध्यान ऱ्हात न्हाय. मग मी क्रॉन लावला. क्रॉन म्हंजे ठरल्या वेळेला ठरलेलं काम मशीनकडनं करून घ्यायचं. रोज दुपारी एकला तिच्या फोनवर माझ्या नावानं मेसेज—‘जेवलीस का गं?’ एक ओळ लिहिली, झालं. अन् ती खूश की हो! लगेच उत्तर धाडायची, भाजी कुठली केली ते बी. रात्री शेंगाची चटणी वाढताना हात सैल. आता तुमीच सांगा, ह्यात फसवणूक कुटं हाय? विचारणारा मीच की. फक्त रोज विचारायला लागत न्हवतं.

चुकलं काय, तर रविवार वगळायचा राहिला. वाराच्या जागी एक ते सहा, म्हंजे सोम ते शनि, लिहायचं; आधी तसंच होतं, पण मशीन बदलताना ओळ नव्यानं लिहिली, तवा मी नुसता स्टार टाकला—स्टार म्हंजे सगळे वार. रविवारी दुकान बंद. दोघं समोरासमोर जेवायला बसलेलो, माझा हात भाकरीत, माझा फोन तिकडं कोपऱ्यात चार्जिंगला—अन् तिचा फोन वाजला. तिनं वाचलं. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता हसंल. मी बी खुशीत सगळं समजावून सांगितलं, मशीन उघडून ओळ दाखवली. वर कचरा फाइली पुसायची ओळ, खाली बॅकअपची, मधी ती. ‘मग मी इतके दिवस उत्तर कुणाला देत होते?’ म्हणली, अन् ताटावरनं उठली. मी लगेच दुरुस्त केलं की! रविवार काढून टाकला, तसं तिला सांगितलं बी. तर बॅगच भरायला घेतली. आता ह्याला काय म्हणायचं?

न्हाय, बंद कुटं? चालू हाय की. अजून रोज जातोय मेसेज. बंद करायला एक ओळ पुसायची नुसती—पण ती पुसली की माझ्याकडनं तिला कायच जाणार न्हाय. हातानं लिहायला घेतो, अन् काय लिहावं ते सुचत न्हाय. उत्तर येत न्हाय तिचं. तरी दुपारी शटर अर्धं ओढून फोन घेऊन बसतोय. तेवढं मात्र स्क्रिप्टला जमत न्हाय.

किती ऱ्हायलं म्हणताय? अं? ते—कमांड वाचताय व्हय तुमी? तुमचा बी कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालाय, विसरलोच. व्हय. स्पीड मीच बांधून ठेवलाय. न्हायतर तुमी आला तवाच झालं असतं, लॅपटॉप उचलून निघाला असता. मग तिची खबर मी कुणाला विचारणार होतो? भांडून गेली असती तर बरं होतं, पाव्हणं. भांडली न्हाय. मला लई भ्या वाटतंय.

कुणाला लावताय? तिला? न्हाय—ठिवा, ठिवा तो फोन, माझं काय ठरलं न्हाय अजून बोलायचं—

...हां. मी. न्हाय, मीच हाय, खरंच—थांब, ठिवू नगंस... पाव्हणं, जावा की भाईर. चहा तितंच प्या. अन् जाताना दार ओढून घ्या.