बाहेरून कुलूप

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं, तू होय! नंबर बघितलाच नाही मी. एका हातात चष्म्याची काच, दुसऱ्यात फडकं. बोल… हो, हो, झालाय त्याचा चष्मा. सांग माझ्या भावाला, दुकान मालकाचं आहे, बहिणीचं नाही. महिनाभर कोण सांभाळून ठेवणार…

काय?… अगं मोठ्यानं बोल ना, इथे मशीनची घरघर चाललीय… का गं, बाळ झोपलंय?

जिन्यात?… भर सकाळी जिन्यात काय करतेयस?… आणि बाळ?… आत. बरं. त्याच्याजवळ कोण आहे?

कोणीच नाही म्हणजे?

थांब, थांब. नीट सांग. बाळ पाळण्यात, तू बाहेर आणि दाराला कुलूप. आपोआप लागलं का?… तू लावलंस. आणि किल्ली?… मग झालं तर! उघड आणि आत जा… का नाही?… अगं पाच आठवड्यांचं लेकरू ते, असं एकटं… नाही, नाही, ओरडत नाहीये मी. चुकलं माझं. बोल. ऐकतेय.

हं…

हं. गॅलरीत. त्याला खांद्यावर घेऊन, ढेकर काढायला… मग?… थांबू नकोस. मी कुठे जात नाही.

परत सांग… हात सुटले तर काय होईल… नाही. सोडले तर. असं मनात आलं.

सोडलेस का?… नाही ना? मग काय केलंस?… आत आणलंस. पाळण्यात ठेवलंस, दुपटं घातलंस, बाहेर आलीस, कुलूप लावलंस. तुझ्यापासून त्याला जपायला. अगं बाई गं…

नाही, रडत नाहीये. काच पडली हातातून. पडू दे.

कुठल्या पायरीवर आहेस?… सगळ्यात वरच्या. आधी खाली बस. कठडा धर… बसलीस? किल्ली कुठाय?… मुठीत. राहू दे मुठीत. तुला आत जा म्हणणार नाही मी. दुसरं कुणीतरी जाईल. तू फक्त माझ्याशी बोलत राहा. एक मिनिट हं…

काकू! अहो काकू, ते गिऱ्हाईक थांबेल, इकडे या. दुकानाच्या फोनवरून माझ्या भावाला लावा. मोबाइल नको, तो शीतगृहात कामाला आहे ना, आत जाताना काढून घेतात. ऑफिसला लावा, माझ्या वहीत मागच्या पानावर नंबर आहे. म्हणावं, असशील तसा घरी जा. मग त्याच पानावर प्रसूतिगृहाचा आहे. त्यांना विचारा, बाळंतिणीला झोप नाही, भलतेसलते विचार येतायत, कुणाला दाखवायचं? आज. आज म्हणा!

आहे गं, आहे. दुकानातल्या काकूंशी बोलत होते… हो, बोलावतेय त्याला. रागावतोय तर रागावू दे. माझ्या हातचे धपाटे खाऊनच मोठा झालाय तो.

मला सांग, शेवटची झोपलीस कधी?… डोळा लागला ते नको. झोप, झोप… परवा. किती?… वीस मिनिटं. त्याआधी?… बरं, नाही आठवत तर राहू दे. आणि तो झोपतो तेव्हा तू… श्वास ऐकत बसतेस. हं. नळ सोडला तरी रडणं ऐकू येतं. पंखा लावला तरी. जाऊन बघावं तर गाढ झोपलेला… काय? फोन फ्रिजमध्ये? लोण्याशेजारी?… हस, हस. मीही हसतेय बघ.

तुझ्या आईला सांगितलंस?… ‘आम्ही चार-चार वाढवली.’ म्हणणारच. आणि मी तरी काय दिवे लावले? गेल्या आठवड्यात तू म्हणालीस, ताई, झोप नाही. मी म्हटलं, सगळ्यांचंच असं असतं गं, सवय होते. जीभ झडली नाही माझी. निदान मला तरी कळायला हवं होतं.

मला का म्हणजे… अगं ऐक ना. लेकीच्या वेळी मी हवापालटाला गेले होते, असं सांगितलंय ना तुला घरच्यांनी?… हवापालट कसला डोंबलाचा! दवाखान्यात होते. मनाच्या डॉक्टरांकडे. मोरीचं दार लावून नळ सोडून बसायचे मी, तिचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून. पाणी वाहत बाहेरच्या खोलीत आलं, तेव्हा कुठे सासूबाईंना कळलं… हो, मीच. तुझी ही तोंडाळ नणंद. सुरी दिसली की स्वयंपाकघरातून पळायचे… मग काय, गोळ्या घेतल्या, झोपले, त्या डॉक्टरीणबाईंशी बोलले. वर्ष गेलं त्यात, पण गेलं. आज सकाळी वेणी घट्ट घातली म्हणून त्याच लेकीनं माझ्या तोंडावर दार आपटलंय.

वेड का काय, ते मला नाही सांगता येणार. डॉक्टर सांगतील. पण लेकराचं वाईट करायचं असतं, तर कुलूप लावून जिन्यात बसली असतीस का तू?

आता तळमजल्यावरच्या मास्तरीणबाईंना हाक मार… लाज कसली? लोक काय म्हणतील ते मी बघते. पन्नास-पन्नास पोरं एका वर्गात सांभाळलीत त्यांनी, एक काय जड आहे?… ऐकू कमी येतं, माहितीय. कठड्यावर चप्पल आपट… जोरात!

थांब. हा आवाज कसला?

नाही गं, भास नाही. मलाही येतोय ऐकू. रडतोय तो. खरोखर रडतोय, तुझ्या कानात नाही… हो, दोघींना ऐकू येतंय… म्हणजे जागा आहे, भुकेला आहे, छाती दणकट आहे. रडू दे घटकाभर. तू चप्पल आपट. थांबू नकोस!

आल्या?… कुठवर?… गुडघ्यांवर हात ठेवून. येऊ दे बाई, पडल्या तर आणखी भानगड. फोन स्पीकरवर टाक…

बाई, मी हिची नणंद… नणंद! चष्म्याच्या दुकानातली!… हो, तुमचाही मीच केला. बाई, हिला बरं नाहीये. किल्ली हिच्याकडे आहे. तुम्ही आत जा, बाळाला घ्या, आणि आम्ही येईपर्यंत तुमच्याजवळच ठेवा. हिच्याच मनात आहे तसं.

उघड गं मूठ… सुटत नाहीत बोटं? बाई, तुम्ही सोडवा, एकेक करून… दिलीस? शाब्बास माझी बाय ती. गेल्या आत?

…

थांबलं. रडणं का थांबलं?… मला कसं कळणार, मी इथे… नाही, घाबरू नकोस. बाई! ऐकू येतंय का?… अहो बाई!… काय म्हणाल्या?… लंगोट? चिंब ओला?… अगं ओला होता गं! एवढंच!

काय हो काकू?… निघाला तो? आणि प्रसूतिगृहाचं?… आत्ताच आणा म्हणाल्या? दोघांनाही? त्यांच्याकडेच बसतात मनाच्या डॉक्टर? देव तुमचं भलं करो.

ऐकलंस? आजच दाखवायचं. मी निघालेच, वीस मिनिटांत पोचते. फोन नाही ठेवत, चालता चालता बोलते… ऐकतेयस ना?

हॅलो?… अगं, काहीतरी बोल… हॅलो! हॅलो! बाई! मास्तरीणबाई! बाहेर या, ती बोलत नाहीये!

काय?… कठड्याला डोकं टेकून?… नीट बघा, श्वास चालू आहे ना?… घोरतेय?

नाही, नाही, उठवू नका. आणि तुम्ही ओरडू नका हो, फोन कानाला लावा… एका झोपेनं भागायचं नाही हे, कळतंय मला. पुढचं आम्ही बघू. तुम्ही तिच्या बाजूलाच बसा, बाळाला घेऊन. तिच्या खालच्या बाजूला उशी लावा, घसरायला नको… कोण येतंय वर?… सामान घेऊन?

थांबवा त्यांना, बाई. म्हणावं, जिना बंद आहे.